औषधाची कावीळ

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव हे तालुक्याचे गाव आहे. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन. तालुक्यात बेंबळा नदीवरचे धरण. ह्या गावात किंवा विदर्भातील अशाच दुसऱ्या कोणत्याही गावात एखाद्याचे डोळे पिवळे दिसू लागले, की घरात पहिला विषय निघतो तो डॉक्टरचा नव्हे, तर काविळीच्या माळेचा. पुनर्नव्याच्या किंवा तशाच एखाद्या वनस्पतीच्या ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून छातीवर उतरते, आणि माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली असे समजावयाचे. वस्तुतः ओल्या काड्या वाळून आकसतात, त्यांवरचे फास सैल पडतात आणि त्यामुळे माळ लांबते. रोग्याच्या यकृताशी तिचा काडीचाही संबंध नसतो. तरीही तिची कीर्ती टिकून आहे. तिचे कारण असे की, दूषित पाण्यातून होणारी सर्वसाधारण कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांनी आपली आपणच बरी होते. काम शरीर करते, यश माळेच्या पदरात पडते.

परंतु काविळीचा एक प्रकार असा आहे की, जो माळेची ही लबाडी चालू देत नाही. तो म्हणजे औषधाने होणारी कावीळ. तिचे कारण पाण्यात नसते, रोज सकाळी नेमाने घेतल्या जाणाऱ्या गोळीत किंवा काढ्यात असते. आणि जोवर ती गोळी किंवा तो काढा चालू आहे, तोवर यकृत जळत राहते. हा विषय वैद्यकाच्या मासिकात शोभावा, दैनिकाच्या पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. २०२५ साली छिंदवाड्याकडील मुले खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली, त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते, तेव्हा तो विषय पहिल्या पानावर आलाच होता. पण तेथे भेसळ होती, डायएथिलीन ग्लायकॉल होते, आरोपी होता. आम्ही आज ज्याविषयी लिहीत आहोत तेथे औषध शुद्ध असते, डॉक्टरचा हेतू शुद्ध असतो, मात्राही बहुधा बरोबर असते. आणि तरी माणूस मरतो. आरोपी नसलेल्या मृत्यूची बातमी होत नाही. म्हणूनच तिच्याविषयी अग्रलेख लिहिण्याची वेळ येते.

आपण तोंडाने जे जे घेतो ते आतड्यांतून शोषले गेल्यावर प्रथम यकृताच्या दारात जाते. परक्या द्रव्याचे तुकडे करणे, त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे रूप देणे आणि पित्तावाटे किंवा मूत्रावाटे बाहेर घालवणे, हे यकृताचे नित्याचे काम. आणि ते काम विकर नावाची प्रथिने करतात. पुष्कळदा मूळ औषध निरुपद्रवी असते आणि त्याचा मधलाच एखादा तुकडा विषारी निघतो. ताप-अंगदुखीवर सर्रास घेतले जाणारे पॅरासिटामॉल हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. योग्य मात्रेत त्याचा विषारी तुकडा यकृतातील ग्लुटाथायोन हे द्रव्य लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली म्हणजे तो साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. ही इजा मात्रेवर अवलंबून असते, म्हणून तिचे भाकीत करता येते, तिच्यावर उतारा आहे, आणि ब्रिटनने १९९८ साली एका पाकिटात किती गोळ्या विकाव्या ह्यावर मर्यादा घातली तेव्हा तिला काही प्रमाणात आळाही बसला. पाश्चात्त्य देशांत यकृत एकाएकी निकामी होण्याचे हे एक मुख्य कारण आहे. आमच्याकडे ते तसे नाही. एका वेळी सर्दीची एक, तापाची एक आणि अंगदुखीची एक अशा तीन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांतून तेच पॅरासिटामॉल तीनदा पोटात घालणाऱ्यांनी ह्यावरून निर्धास्त होऊ नये, एवढेच.

आमच्या देशाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो क्षयाचा आहे. भारतातील यकृततज्ज्ञांनी २०१३ ते २०१८ ह्या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णालयांतून औषधजन्य यकृतविकाराच्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची, म्हणजे ४६ टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांची इजा क्षयाच्या औषधांनी झालेली होती. दुसरा क्रमांक आयुर्वेदिक, वनस्पतिजन्य व तत्सम औषधांचा होता, सुमारे १४ टक्के. अपस्मारावरील औषधे त्यानंतर. एकंदर रुग्णांपैकी सुमारे १२ टक्के दगावले. अमेरिकेतील अशाच नोंदवहीत प्रतिजैविके आणि शरीर कमावण्यासाठी किंवा वजन घटवण्यासाठी घेतलेली पूरके ठळकपणे दिसतात. प्रत्येक समाजाचे यकृत त्याच्या रोगांची आणि त्याच्या हौसेची साक्ष देते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

क्षयावरच्या चार मुख्य औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड ही तीन यकृतास इजा करू शकतात; चौथे इथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत बहुतांशी निर्दोष आहे. आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आले तेव्हा त्याचे स्वागत चमत्कार म्हणून झाले, आणि ते योग्यच होते. त्याचा दोष ध्यानात येण्यास जवळजवळ दोन दशके लागली. १९७० साली वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल हिल भागातील सरकारी नोकरांत क्षयाची साथ आली, तेव्हा २,३२१ जणांना प्रतिबंधक म्हणून हे औषध देण्यात आले; त्यांपैकी १९ जणांना यकृतदाह झाला आणि दोघे दगावले. ही माणसे क्षयाने आजारी नव्हती. त्यामुळे दोष रोगावर ढकलण्याची सोय उरली नाही आणि औषधाकडे बोट दाखवावे लागले. आजारी माणसाच्या बाबतीत मात्र ती सोय नेहमीच असते.

ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतलेला आहे. वृत्तपत्रव्यवसायात पडण्यापूर्वी काही वर्षे आम्ही बाभुळगावच्या बाजूस शाळामास्तर होतो. शाळेचा एक शिपाई क्षयाच्या गोळ्या घेत असे. गोळी चुकवू नये, एक दिवसही चुकवू नये, हा उपदेश त्याला दवाखान्यात झाला होता आणि मास्तर ह्या नात्याने आम्हीही तो रोज करीत असू. दीडेक महिन्याने त्याला अन्नाची शिसारी येऊ लागली. गोळ्या उष्ण पडत असतील, ताक पीत जा, असे आम्ही सांगितले. पुढे लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी माळ आणली. माळ लांबत होती आणि गोळ्याही चालू होत्या, कारण चुकवावयाची नाही असे सर्व शहाण्या माणसांनी सांगितले होते. यवतमाळला नेले तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता. क्षयाने गेला असे गावात सर्वजण म्हणाले, आणि कित्येक वर्षे आम्हीही तसेच समजत होतो.

अन्नावरची वासना जाणे, मळमळ, उलटी, थकवा, गडद लघवी आणि नंतर कावीळ हा ह्या विकाराचा ठरलेला क्रम आहे. पहिल्या दोन महिन्यांत तो अधिक आढळतो. कुपोषण, मद्यपान, उतारवय आणि जुनी यकृताची कावीळ ही त्याला पोषक ठरतात. ह्या खुणा दिसताच यकृताला इजा करणारी औषधे त्याच दिवशी थांबवून रक्ततपासणी करावी, यकृत सावरले म्हणजे ती एकेक करून देखरेखीखाली पुन्हा सुरू करावी, असा वैद्यकाचा प्रस्थापित संकेत आहे, आणि बहुसंख्य रोग्यांचा क्षयोपचार ह्या रीतीने पूर्णही होतो. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हा अग्रलेख वाचून कोणी क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने टाकून देईल, तर त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर तो अनर्थ ओढवेल. २०२४ साली देशात क्षयाच्या सुमारे २६ लाख रुग्णांची नोंद झाली आणि हा रोग दरवर्षी सुमारे ३ लाख भारतीयांचे प्राण घेतो. गोळ्यांनी वाचणारे लाखांनी आहेत. पण गोळी चुकवू नका हे वाक्य जेवढ्या मोठ्याने सांगितले जाते, तेवढ्याच मोठ्याने त्याचा अपवादही सांगितला गेला पाहिजे. आणि अपवादाचा निर्णय घेणारे माणूस रोग्याच्या हाकेच्या अंतरावर असले पाहिजे.

आता संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहू. औषध बाजारात येण्यापूर्वी ते प्राण्यांवर आणि नंतर काही हजार माणसांवर तपासतात. परंतु दहा हजारांत एकाला होणारी इजा तीन हजारांच्या चाचणीत दिसलीच नाही, तर त्यात नवल काय? मधुमेहावरचे ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत १९९७ साली विक्रीस आले आणि यकृत निकामी होण्याच्या घटनांमुळे २००० साली मागे घ्यावे लागले. प्राण्यांची साक्षही भरवशाची नाही. कावीळ ‘ब’वरील फिआलुरिडिन ह्या औषधाने प्राण्यांमध्ये धोक्याची सूचना दिली नव्हती, १९९३ साली अमेरिकेत ते १५ रुग्णांना देण्यात आले, त्यांतील पाच जण दगावले आणि दोघांचा जीव यकृतारोपणाने वाचला. म्हणून गेल्या काही वर्षांत माणसाच्या यकृतपेशी काचेच्या किंवा तशाच पारदर्शक पट्टीवरील सूक्ष्म नलिकांत वाढवून त्यांवर औषध तपासण्याचा मार्ग पुढे आला आहे. २७ औषधांवर केलेल्या एका पाहणीत, जी २०२२ साली प्रसिद्ध झाली, ह्या ‘यकृत-चिप’ने यकृतघातक औषधांपैकी ८७ टक्के अचूक ओळखली. प्राण्यांवाचून केलेल्या अशा चाचण्यांना अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि आपल्या देशाने २०२३ साली नियमांत जागा करून दिली.

दुसरी दिशा आनुवंशिकतेची आहे. आयसोनियाझिडचा निचरा करणारे विकर काहींत वेगाने चालते, काहींत सावकाश. सावकाश निचरा करणाऱ्यांत इजेचा धोका अधिक, आणि भारतातील अनेक पाहण्यांत असे लोक निम्म्याहून अधिक आढळले आहेत. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोग्याचा हा स्वभाव आधी तपासून मंदगती माणसांना मात्रा कमी दिली, तेव्हा त्यांचे यकृत सुरक्षित राहिले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून रोज घ्यावयाची मात्रा वजनाच्या पट्ट्यांनुसार ठरते. वजन ही चांगली कसोटी आहे, पण विकराचा वेग काट्यावर चढत नाही. ह्याच्या उलट अनुभवही आहे. फ्लुक्लॉक्सासिलिन ह्या प्रतिजैविकाने कावीळ झालेल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकप्रकार असतो, असे २००९ साली दिसून आले. पण तो प्रकार असणाऱ्या हजार जणांनी औषध घेतले, तर इजा एकदोघांनाच होते. तेव्हा जनुकाची चिठ्ठी हाती आली म्हणजे भविष्य कळले, असे नव्हे.

ह्या सर्व प्रयत्नांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि, ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठी प्रगती चिपने केली नाही, जनुकाने केली नाही. ती नोंदवहीने केली, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधजन्य कावीळ सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी आजवर उपलब्ध नाही. इतर कारणे एकेक करून वगळावयाची, औषध केव्हा सुरू झाले, लक्षण केव्हा दिसले, औषध थांबवल्यावर काय झाले हे तारीखवार मांडावयाचे आणि त्याला गुण द्यावयाचे, अशी १९९३ साली रुजलेली पद्धती थोड्याफार सुधारणांनिशी आजही चालू आहे. म्हणजे अखेर काम येते ते कारकुनीचे: तारखा लिहून ठेवण्याचे. अमेरिकेने २००३ मध्ये ह्यासाठी देशव्यापी जाळे उभे केले. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याची केंद्रे मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी सेवाग्राम आहे. प्रश्न तेथवर न पोहोचणाऱ्यांचा आहे. आमचा शिपाई कोणत्याही नोंदवहीत नाही.

मुंबईने ह्या नोंदीचे मोल २०२० साली दाखवून दिले. करोनाच्या त्या वर्षी घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला होता. कडुनिंबावर चढलेली गुळवेल आमच्या खेड्यांत बांधाबांधावर मिळते आणि तापावर तिचा उपयोग पूर्वापार आहे. पण धडधाकट माणसाने महिनेन् महिने रोज ती घ्यावी, ही प्रथा मात्र नवी होती. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ व त्यांचे सहकारी ह्यांना यकृतास इजा झालेले असे सहा रुग्ण आढळले की, ज्यांनी गुळवेल घेतलेली होती. २०२१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हे संशोधन दिशाभूल करणारे ठरवले. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे आक्षेप घेतले. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ ४६ दिवसांचा होता, सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत गुळवेलीचा संबंध संभाव्य ठरला, आणि कित्येकांच्या यकृतात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटल्याच्या खुणा होत्या. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या औषधाने ती वाढवलीच असावी, फक्त ती कोणावर चालून जाईल हे त्याच्या हाती नव्हते.

मंत्रालयाचा वनस्पतीच्या ओळखीविषयीचा आक्षेप आम्ही हास्यास्पद मानत नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची काटेरी गाठींची बहीण ह्यांत घोटाळा होऊ शकतो. परंतु हा आक्षेप शेवटी कोणावर उलटतो? बाजारातून किंवा बांधावरून आणलेली वेल खरी की खोटी हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर ती सर्वथा सुरक्षित आहे असे त्याला छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार कोणाला उरतो? ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षिततेची नवी चाचणी कायद्याने आवश्यक धरलेली नाही. शतकांचा वापर हाच पुरावा. पण शतकांच्या वापरात मात्रा, काळ, अनुपान आणि वैद्याची नजर ही होती. चरकाने कोणतेही द्रव्य युक्तीने वापरले तर औषध आणि अयुक्तीने वापरले तर विष होते असा विचार मांडला आहे. काढ्याच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी त्यातला अर्धाच भाग उचलला आहे. हळदीची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. भाजीतल्या चिमूटभर हळदीने कोणाचे यकृत बिघडत नाही; पण तिचा अर्क काढून, त्यात मिऱ्याचे सत्त्व मिसळून, तो अधिक शोषला जाईल अशी व्यवस्था करून कॅप्सूल विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या नोंदवहीत त्याने यकृतदाह झालेले दहा रुग्ण आले. त्यांतील सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार आढळला, आणि एक रुग्ण दगावला. परसातील वस्तू कारखान्यात गेली, की ती परसातील राहत नाही.

आधुनिक वैद्यकाचे अभिमानी हे वाचून सुखावतील, म्हणून त्यांना निमेसुलाइडची आठवण करून देणे भाग आहे. यकृतावरील परिणामांमुळे फिनलंडने २००२ साली आणि आयर्लंडने २००७ साली हे तापाचे औषध बाजारातून काढले. आमच्याकडे बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. मधल्या वर्षांत किती लहान मुलांना ते पाजले गेले असेल ह्याचा हिशेब कोणाच्या दप्तरात आहे?

रोग्याच्या पोटात मात्र ह्या दोन पंथांचे भांडण नसते. बाभुळगावचा क्षयरोगी सकाळी सरकारी गोळ्या घेतो, संध्याकाळी काढा घेतो, ताप आला तर दुकानातून आणखी एक पुडी आणतो आणि डोळे पिवळे झाले तर माळ घालतो. डॉक्टरने विचारले, तर तो फक्त गोळ्यांविषयी सांगतो, कारण काढा हे त्याच्या लेखी औषधच नाही. आयुष औषधांच्या तक्रारींची यंत्रणा निराळी, आधुनिक औषधांची निराळी. एका यकृताची कैफियत दोन कचेऱ्यांत कशी दाखल व्हावयाची? ह्या दोन्ही नोंदी एकत्र झाल्याखेरीज वनस्पती आणि गोळी ह्यांचा एकमेकींवर काय परिणाम होतो हा आपल्या देशापुरता सर्वांत निकडीचा प्रश्न संशोधनाच्या कक्षेतच येणार नाही. आणि तो परदेशातील प्रयोगशाळा आपल्यासाठी सोडवणार नाहीत, कारण त्यांच्या रोग्यांना तो पडलेला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात यकृताची रक्ततपासणी आठवड्यातील कोणत्याही दिवशी व्हावी आणि तिचा निकाल दुसऱ्या दिवशी हाती पडावा. काविळीच्या प्रत्येक रोग्याला गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतले, काढाही घेतला काय, हे विचारून ते तारखांसह लिहून घेण्याचा नियम व्हावा. आशा कार्यकर्ती गोळ्यांची विचारपूस करण्यास क्षयरोग्याच्या घरी जाते. तिने भूक लागते काय आणि लघवीचा रंग कसा आहे हे दोन प्रश्न जोडून विचारावेत. गावात माळ देणाऱ्याला सगळे ओळखतात. त्याच्याशी वैर धरण्यापेक्षा, रोगी क्षयाच्या गोळ्या घेत असेल तर माळ घालण्याआधी त्याला दवाखान्यात पाठव, एवढे त्याला पटवता आले तरी पुष्कळ झाले. आणि रोग्याच्या हाती जे उपचारकार्ड असते त्यावर, गोळी चुकवू नका ह्या वाक्याच्या लगेच खाली, तेवढ्याच ठळक मराठी अक्षरांत, अन्न नकोसे झाले किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी येथे या, असे लिहून दवाखान्याचा फोन नंबर छापलेला असावा. त्या एका ओळीला आरोग्यखात्याला किती खर्च येईल, त्याचा आकडा खात्याने जाहीर करावा. आम्ही तो ह्याच पानावर छापू.